चाड्यावरची मूठ



दरसाल पोळा झाला की मी तुम्हाला रब्बी ज्वारीच्या पेरणीविषयी चार गोष्टी सांगतो. रान कसे तयार ठेवावे, ओल कशी धरावी, बियाणे कोणते घ्यावे. यंदाही तेच लिहायला बसलो होतो. पण कागदावर पहिली ओळ उतरली आणि हात थांबला. गेली तीसहून अधिक वर्षे मी जे तुम्हाला सांगत आलो, त्यातले बरेचसे मी पुस्तकात वाचण्याआधी जिच्याकडे पाहून शिकलो, ती माझी आई गेल्या माघात वारली. तिच्याशिवायची ही आमच्या घरची पहिली पेरणी. म्हणून यंदा तिच्याबद्दल थोडे लिहू द्या. शेतीचे काही राहून जाणार नाही, कारण तिचे सगळे बोलणे शेतीचेच होते.

तिचे नाव मी येथे लिहीत नाही. नाव लिहिले तर तुम्ही म्हणाल, ही साहेबांची आई. न लिहिले तर कदाचित तुम्हाला तुमची आई किंवा आजी आठवेल.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. काळी, खोल, भेगाळणारी जमीन. विहिरीला पाणी कमी आणि पावसाचा भरवसा त्याहून कमी. पण उत्तरा-हस्ताचा पाऊस झाला आणि एकदा का ज्वारी उगवून आली, की जमिनीतल्या ओलीवरच ती माघापर्यंत उभी राहते. दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, ती कथा याच मुलखातली. धान्याची किंमत येथल्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही.

आईला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. "गांधीबाबाला मारलं तवा मी रांगत हुते," एवढेच ती सांगे. त्या हिशेबाने ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन गेली. शाळा पाहिली नाही. लग्न होऊन आली ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी, आणि आल्या साली सासूने तिच्या हातात तिफणीचे चाडे दिले.

एकराला चार किलो

आज बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरतात. त्यामुळे चाड्यावर मूठ धरणे म्हणजे काय, हे तरुण वाचकांना सांगावे लागेल. तिफणीच्या नळ्या वर जिथे एकत्र येतात तिथे लाकडाची एक वाटी असते, तेच चाडे. बैल हाकणारा पुढे. मागून बाई ओटीत बी घेऊन चालते. एका मुठीने बी चाड्यात सोडत जायचे. मूठ सैल पडली तर बी दाट पडते, ज्वारी एकमेकीच्या उरावर बसते आणि ताटे बारीक राहतात. मूठ आवळली तर तास रिकामे जातात. बैलाची चाल बदलली की मुठीची चाल बदलायची. उन्हात, ढेकळांतून, दिवसभर.

आमच्या घरी आप्पा बैलांमागे आणि आई चाड्यावर. मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकायला गेलो आणि दुसऱ्या वर्षी पेरणीला सुटी काढून घरी आलो. डोक्यात नवे ज्ञान होते. रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बियाणे, म्हणजे एकराला चार किलो, हे नुकतेच पाठ केले होते. आई अंदाजाने पेरते, म्हणजे बी वाया जात असणार, असे मला वाटले. मी वाण्याकडून तराजू मागून आणला. सकाळी तिच्या ओटीतले आणि पाटीतले बी मोजून दिले आणि एका एकराचे रान पेरून झाल्यावर उरलेले पुन्हा मोजले. चार किलोला अर्धी मूठ कमी पडली होती.

तिने विचारले, "किती म्हनतंय तुजं बुक?"

"चार किलो."

"मग त्या बुकालाच इचार की, त्याला कुनी शिकवलं."

आप्पा हसले. मीही हसलो. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे मला पुढे नोकरीत कळत गेले. आपल्या मुलखात जिचा एवढा बोलबाला आहे ती मालदांडी ३५-१ ही ज्वारी कोठून आली? मोहोळच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञांनी ती शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढली. शास्त्रज्ञांचे काम मोठे आहेच. पण निवडायला ती मालदांडी शेतात टिकून होती, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी दरसाल चांगली कणसे बाजूला काढून ठेवली होती. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती बातमी वाचताना मला आईचे हात दिसत होते.

कारण बियाणे निवडण्याचे काम आमच्याकडे बायकांचे. काढणीच्या आधी, पीक उभे असतानाच, आई कणसे हेरून ठेवी. बांधाकडेची घेत नसे. "बांधाकडंचं कणीस खाल्ल्या-पिल्ल्या घरचं, त्येचं काय कवतिक? रानाच्या मधी, सगळ्यांच्या भुकंत ज्ये भरलंय त्ये घ्यावं." आमच्या शास्त्रात याला मोठे नाव आहे. कडेच्या झाडांना ऊन, वारा आणि अन्न जास्त मिळते, म्हणून निवड करताना ती सोडून द्यावीत, असे आम्ही शिकतो. आईने ते एका वाक्यात सांगितले होते.

बहात्तरचे मडके

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला, त्यांना मी काय सांगावे? मी तेव्हा तीन वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण अंगावर पीत होती. माझ्या आठवणीत काही नाही. जे आहे ते आईने सांगितलेले.

त्याआधीची सालेही वाईट गेली होती. बहात्तरला तर आभाळाने पाठच फिरवली. गावोगाव सरकारी दुष्काळी कामे निघाली. कुठे पाझर तलाव, कुठे बंधारे, कुठे खडी फोडणे. आई-आप्पा खडी फोडायला जात. बहिणीला झाडाखाली झोळीत टाकायचे आणि मला तिच्याजवळ बसवायचे. कामावर सुकडी मिळे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. "ती जवारी बगून रडू यायचं," आई म्हणे. "जवारी पिकवनाऱ्या मुलखानं बोटीतनं आलेली जवारी खायची!"

आणि घरात एक मडके भरून ज्वारी होती.

ते बियाणे होते. उतरंडीतले खालून दुसरे मडके. राखेत कालवून, तोंड शेणमातीने लिंपून ठेवलेले. एका रात्री खायला काही नव्हते. मी रडत होतो. आजी, म्हणजे आईची सासू, म्हणाली, "फोड ते मडकं. लेकरू जगलं तर बी पुन्हा मिळंल." आई मला सांगे, "म्या मडक्याकडं पाट करून बसले. तुजं रडनं कानावर येत हुतं. हात लावला न्हाई." शेजारच्या घरातून कुणीतरी वाटीभर कण्या दिल्या, त्यावर ती रात्र निघाली.

मी मोठा झाल्यावर तिला एकदा विचारले, की मला काही झाले असते तर? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्येच मी अजून इचारती सोताला." वाचक हो, तिने केले ते बरोबर होते, असे मी येथे लिहिणार नाही. तिने स्वतःही कधी म्हटले नाही. भुकेल्या पोराच्या आईला असला निवाडा करावा लागू नये, एवढेच म्हणतो.

पुढल्या साली, १९७३ ला, पाऊस झाला. पण बी कुणाकडे होते? लोकांनी घरातले असेल नसेल ते दळून खाल्ले होते. सावकाराकडे सव्वाईने, दीडीने बी मिळत होते. तेव्हा आईने मडके फोडले. आधी उगवते का पाहायला ओल्या गोणपाटात शंभर दाणे बांधून ठेवले. मग आमच्या रानाला पुरेल एवढे ठेवून बाकीचे पाच घरांना वाटले. त्यात कण्या देणारे घर पहिले. परत किती घ्यायचे, तर घेतले तेवढेच. "मुटीला मूट. वाडीदिडी बियाला लावू न्हाई, बी रुसतं," असा तिचा कायदा.

तेव्हापासून मरेपर्यंत तिने एका सालाचे बी शिल्लक ठेवल्याशिवाय घरात चूल पेटू दिली नाही.

गंधक आणि गोमूत्र

आई गेली म्हणून तिचे सगळेच बरोबर होते असे सांगितले, तर ते तिलाच आवडणार नाही. तिच्याही चुका होत.

संकरित ज्वारी गावात आली, तेव्हा तिने पहिल्या सालची टपोरी कणसे पाहून त्यांचे बी धरले. दुसऱ्या साली रानात एक ताट उंच, एक ठेंगणे, एक आधी निसवलेले, एक मागे पडलेले. संकरित बियाणे दरसाल नवे घ्यावे लागते, घरचे धरून चालत नाही, हे तिला एका हंगामाचे नुकसान सोसून कळले. मी आजही सभेत हे सांगतो तेव्हा तिचेच उदाहरण देतो.

ज्वारीवर काणी पडायची. आई बियाण्याला गोमूत्र लावून पेरी. मी नोकरीला लागल्यावर सांगितले, "किलोला चार ग्रॅम बारीक गंधक चोळ, काणी येणार नाही." तिने माझ्याकडे पाहिले. नाही म्हटले नाही आणि हो पण म्हटले नाही. पेरणीला मात्र अर्ध्या रानात गंधकाचे बी पेरले, अर्ध्यात गोमूत्राचे, आणि मध्ये खुणेला करडईचे तास टाकले. काढणीच्या आधी मला बोलावून घेतले आणि दोन्हीकडची काणी लागलेली कणसे मोजून दाखवली. गंधकाच्या बाजूला काणी नव्हतीच म्हणा.

"ह्ये तुजं खरं," ती म्हणाली. "फुडल्या साली समद्याला गंधक."

आम्ही शासनाच्या खर्चाने प्रात्यक्षिके घेतो. शेजारी-शेजारी दोन वाफे, एक शिफारशीप्रमाणे आणि एक नेहमीप्रमाणे. तिने तेच केले होते, आणि तिला ते कुणी शिकवले नव्हते. तिचा हट्ट जुन्याचा नव्हता आणि नव्याचाही नव्हता. तिला डोळ्यांनी पाहायचे असे.

कडधान्याच्या बाबतीत मात्र मीच तिच्याकडून शिकलो. तूर, मटकी, हुलगा कडक उन्हात वाळवायचा. दाणा दाताखाली धरायचा, कट्‌कन आवाज आला तर वाळला, दबला तर पुन्हा उन्हात. मग चुलीची चाळलेली राख मिसळून मडक्यात गच्च भरायचे. भुंगेरा लागत नसे. राखेने दाण्यांमधल्या फटी बुजतात, किड्याला हिंडता येत नाही, आणि त्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण खरवडले जाऊन तो सुकून मरतो, हे मी पुस्तकात वाचले. आईला कारण सांगितले, तेव्हा म्हणाली, "असंल बाबा. माज्या सासूनं नुस्तं राक घाल म्हनून सांगितलं हुतं."

आज्जीचे पाच वीस

आप्पा गेल्यावर आई धाकट्या भावाकडे गावीच राहिली. माझी मुले तालुक्याच्या गावी वाढली, पण सुटी लागली की आज्जीकडे पळत. ती त्यांना गोष्टी सांगत नसे, कामे सांगे. "जा, कोंबडी कुटं बसती बग." "ह्या घेवड्याच्या शेंगा सोल." थोरली नात तिच्या फार मागे-मागे असे. हुरड्याच्या दिवसांत आगटीपाशी बसून आज्जीने हातावर चोळलेला गरम हुरडा फुंकून खाणे आणि तिच्या तोंडचे ऐकणे, हा त्या पोरीचा दिवाळीपेक्षा मोठा सण.

एकदा मी गावी गेलो तर नात आणि आज्जी ओसरीवर ज्वारीचे दाणे मोजत बसलेल्या. आईला शंभर मोजता येत नव्हते. ती विसांत मोजी. वीस दाण्यांची एक रास, अशा पाच राशी. "पाच ईस." ते ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि चार-पाच दिवसांनी उलगडायचे. चांगले मोड आलेले मोजायचे. चार विसाच्या पुढे आले तर बी चोख. साडेतीन विसाच्या खाली आले तर पेरायचे नाही.

नात मला म्हणाली, "बाबा, हे आम्हाला शाळेत प्रयोगाला आहे. उगवणक्षमता."

प्रमाणित ज्वारी बियाण्याची उगवण किमान पंचाहत्तर टक्के असावी, असा नियम आहे. आईचे साडेतीन वीस म्हणजे सत्तर. पाटी न शिवलेल्या बाईने ओसरीवर बसून आखलेली रेघ आमच्या कायद्याच्या रेघेच्या पाच दाणे अलीकडे-पलीकडे होती. येत्या पेरणीला घरचे बी वापरणार असाल, तर ही परीक्षा जरूर करा. गोणपाट आणि पाच विसांचा हिशेब, दुसरे काही लागत नाही.

"कपाळावरचं गेलं, कागदावर आलं"

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहे, ती सांगतो. ती सांगायला जड जाते.

मी कृषी खात्यात लागलो तो १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. गावोगाव शेतकरी मेळावे घ्यायचे. बोलावणी कुणाला जात? खातेदाराला. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो शेतकरी. पुरुष सतरंजीवर बसत, मी फळ्यावर आकृती काढी, आणि ज्यांनी खरोखर निंदले-खुरपले त्या बाया मागच्या बाजूला आमच्यासाठी भाकरी थापत. मला त्यात कधी वावगे दिसले नाही. अनुदानाचे अर्ज आले, विमा आला, योजना आल्या. प्रत्येक कागदावर "शेतकऱ्याचे नाव" अशी एक रेघ असे, आणि तिथे आमच्या घरी आप्पांचे नाव.

त्याच काळात, १९९२ साली, महाराष्ट्र शासनाने "लक्ष्मी मुक्ती" या नावाने परिपत्रक काढले. त्याआधी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने हा विषय गावोगाव नेला होता. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे मोठे अधिवेशन भरवून कारभारणीच्या हक्काची गोष्ट उघड बोलली गेली होती. परिपत्रकाचा अर्थ सोपा आहे. नवऱ्याने आपल्या खुशीने अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच त्याच्या जमिनीला बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकते. मी हे सभांतून सांगितले. पत्रके वाटली. चार-दोन घरांत नावे लागलीही.

आमच्या घरी मी ते पत्रक नेले नाही. आप्पांनी नाही म्हटले असते असे नव्हे. ते साधे माणूस होते, मी अंगठा करा म्हटले असते तर त्यांनी केला असता. मला सुचलेच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

२००९ साली आप्पा वारले. वारस नोंद झाली, आणि आम्हा भावंडांबरोबर आईचे नाव सातबाऱ्यावर आले. मी उतारा घेऊन घरी गेलो आणि तिला तिचे नाव दाखवले. तिला वाचता येत नव्हते. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवले. मला वाटले तिला बरे वाटेल. ती म्हणाली,

"कपाळावरचं गेलं, तवा कागदावर आलं व्हय रं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते माझ्या जिव्हारी लागले. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षे जिने चाडे धरले, जिने भुकेच्या रात्री बियाणे राखले, ती सरकारच्या दप्तरात शेतकरी झाली ती विधवा झाली तेव्हा. आणि तिचा मुलगा शेतकी खात्यात साहेब!

तेराव्याचा कागद

गेल्या माघात चार दिवसांच्या तापाने आई गेली. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. "कणसं भरली का?" एवढे विचारले. भावाने रानातून एक कणीस आणून तिच्या हातात दिले. तिने दाणा काढून दाताखाली धरायचा प्रयत्न केला. दात कुठे होते? मग तसाच मुठीत धरला.

दिवसकार्याला पै-पाहुणे जमले. बहीण सासरहून आलेली होतीच. तेराव्याच्या दुपारी जेवणे उरकल्यावर एका जाणत्या पाहुण्याने भावाला बाजूला घेतले आणि सांगितले, "ताई हाय तवर कागद करून घ्या. पुन्हा-पुन्हा येनं व्हायचं न्हाई." कागद म्हणजे हक्कसोडपत्र. आईच्या हिश्शावर आणि आप्पांकडून आलेल्या तिच्या हिश्शावर बहिणीने पाणी सोडायचे. मसुदा तयारच होता. यात कुणी दुष्ट नव्हते. आमच्याकडे असेच होत आले आहे. बहीणही म्हणाली, "मला काय करायचंय रान? माजं म्हायेर राहू द्या म्हंजे झालं. कुटं सई करू?"

मी तिथेच बसलो होतो. मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे मला ठाऊक होते. महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमिनीबाबत तो कायदा १९९४ लाच झाला आणि साऱ्या देशासाठी २००५ साली. हेही मी सभांतून सांगितलेले. पण भावाचे तोंड, पाहुण्यांची गर्दी, आणि मी नोकरीवाला. मी बोललो तर "तुझे काय जाते" असे होईल, या भिडेने मी गप्प राहिलो. दुसऱ्यांदा गप्प राहिलो.

तेवढ्यात माझी मुलगी आणि बहीण आईची उतरंड खाली घेत होत्या, घर सारवायचे होते म्हणून. वरून तिसऱ्या मडक्यात राखेत तीन पुरचुंड्या निघाल्या. शिल्लकेचे बी. दरसाल काढणीनंतर आई बियाण्याचे तीन वाटे करी, दोन पोरांचे आणि एक लेकीचा. गौरीला बहीण माहेरी आली की तिचा वाटा तिच्या पिशवीत घाली. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होते, इतके माहीत होते की त्याचा अर्थ कधी डोक्यात आला नव्हता. बहिणीने तिन्ही पुरचुंड्या एकेक करून हातावर तोलल्या आणि कोणती कुणाची ते कळेना म्हणून म्हणाली, "समद्या सारक्याच हाईत."

ओसरीवर कुणी काही बोलले नाही. धाकट्या भावाने तो मसुदा घडी करून खिशात घातला आणि पाहुण्यांना चहा सांगितला.

चैत्रात आम्ही तिघांनी मिळून वारस नोंदीची वर्दी दिली. सातबाऱ्यावर आता तिघांचीही नावे आहेत. रान भाऊच कसतो. बहिणीच्या वाट्याची ज्वारी तिला पोचती करायची आणि खर्च वजा धरायचा, असे घरातल्या घरात ठरले आहे. भावाच्या मनात काळजी नाही असे नाही. आधीच एवढेसे रान, पुढे भाच्यांनी वाटणी मागितली तर काय, असे तो विचारतो. ते विचारणे खोटे नाही. पण नाव लागले म्हणजे लगेच बांध पडला असे होत नाही, एकत्र कसता येते. आणि उद्या बहिणीला खरोखर आपल्या मनाने हक्क सोडायचा असला, तर रीतसर नोंदणी करून तिला तो कधीही सोडता येईल. तेराव्याच्या दुपारी, डोळ्यांचे पाणी सुकले नसताना तिच्यापुढे कागद ठेवू नये, एवढेच.

तुमच्या घरात

वाचक हो, तुम्ही म्हणाल, साहेबांनी पेरणीचे सांगता-सांगता घरचे गाऱ्हाणे मांडले. पण हे पेरणीचेच आहे.

नगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपण्यासाठी २०२० ची पद्मश्री मिळाली. फार आनंद झाला. पण त्यांच्यासारखी बाई प्रत्येक गावात असते, बहुतेक घरांत असते, आणि तिला कुणी काही विचारत नाही. माझ्या आईकडून काय-काय विचारायचे राहिले, ते आता मला रोज आठवते. वांग्याचे बी ती कोणत्या तोड्याचे धरी? मटकीत ती कोणता पाला घाली? मी शेकडो शेतकऱ्यांच्या मुलाखती लिहून घेतल्या. तिच्यापाशी वही घेऊन एकदाही बसलो नाही.

तुमच्या ओसरीवर अशी कुणी बसलेली असेल, तर आज संध्याकाळी तिच्यापाशी बसा. नातवंडांच्या हातात वही द्या, ती लिहून घेतील. तिने कोणते बी कसे ठेवले ते विचारा. आणि कारभारी हो, तुमची कारभारीण तुमच्याबरोबर रानात राबत असेल, तर तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जाऊन तिच्या नावाची चौकशी करा. तुम्ही आहात तोवर करा. तिच्या कपाळावर कुंकू असताना तिचे नाव कागदावर आलेले तिला पाहू द्या.

आमच्याकडे यंदा भाऊ ट्रॅक्टरनेच पेरणार आहे. पण जुनी तिफण अजून गोठ्यात टांगलेली आहे. माझी मुलगी म्हणते, की एक तास तरी आज्जीच्या चाड्याने पेरू. शेजाऱ्याकडे अजून बैलजोडी आहे. तिने आज्जीच्या बियाण्यातले पाच वीस दाणे ओल्या गोणपाटात ठेवले होते. काल गुंडाळी उलगडली. चार वीस आणि सात दाण्यांना मोड आले आहेत.

पाऊस झाला की पेरू.